गुडघ्याएवढा पाया

उदबत्ती आईने भिंतीत खोचली आणि ती तशीच उभी राहिली.

शुक्रवारची सकाळ होती. मी कुवेतमध्ये, खैतानच्या फ्लॅटमध्ये चहा पीत गावाला व्हिडिओ कॉल लावला होता. आईने फोन नेहमीसारखा खिडकीत टेकवला होता, त्यामुळे मला तिचा अर्धा चेहरा आणि बरंचसं छत दिसत होतं. बोलता बोलता ती उठली, देवासमोर उदबत्ती ओवाळली आणि शेजारच्या भिंतीला लावली. मला वाटलं, तिथे खिळा असेल किंवा उदबत्तीचं घर ठोकलं असेल. नीट बघितलं तर तिथे नुसती भिंत. माझा कप तोंडाशीच राहिला.

"आये, उदबत्ती कशात लावलीस?"

"भिंतीत."

"भिंतीत कशी राहील?"

"राहते. जागा हाय तिथं."

"फोन जवळ ने बघू."

तिने फोन उचलला. पडद्यावर आधी तिचा अंगठा आला, मग पदर, मग भिंत. खिडकीच्या खालच्या कोपऱ्यातून एक तडा निघाला होता. चिऱ्यांच्या सांध्यांमधून पायऱ्या चढल्यासारखा वर वर जात तो थेट स्लॅबला भिडला होता. खाली तो केसाएवढा होता. वर, उदबत्ती होती तिथे, चांगला रुंद.

"आये, त्यात बोट घाल."

तिने पीठ मळलं गेलंय का बघावं तसं सहज बोट घातलं. पहिलं पेर आत गेलं. तीस वर्षं मी बांधकामात आहे. पायऱ्या चढत जाणारा तडा कशाचा असतो हे मला कुणी सांगायची गरज नव्हती. प्लास्टरची भेग अशी जात नाही. भिंतीचं एक टोक खाली बसायला लागलं की अशी जाते.

"कधीपासून आहे हे?"

"गेल्या गणपतीच्या आधीपासून. तुला कशाला सांगायचं? तू तिकडं उन्हातान्हात."

तड्यावर आडव्या कागदाच्या पट्ट्या डकवलेल्या दिसत होत्या. कॅलेंडरचे कागद, मधोमध फाटलेले.

"आणि हे कागद कुणी लावले?"

"धाकट्यानं. महिन्याला एक लावतो. फाटला की दुसरा."

धाकटा म्हणजे माझा भाऊ. आमच्या साइटवर इंजिनियर तड्यावर काचेची पट्टी चिकटवतात. काच फुटली, तर तडा वाढतोय. भावाने तेच कॅलेंडरच्या कागदावर चालवलं होतं. म्हणजे भिंत चाललीय हे त्याला महिनोन्‌महिने माहीत होतं आणि त्याने मला कळवलं नव्हतं. डोक्यात तिडीक गेली.

"आये, आजपासून त्या खोलीत झोपायचं नाही. मागच्या खोलीत जा."

"का म्हणून? माझ्या लेकानं बांधलंय हे घर. तू तिकडं शेखांच्या बंगल्यांचे पाये घालतोस. तुझं घर पडंल व्हय?"

आणि ती हसली. तिचं हसू पडद्यावर आणि मागे भिंतीत जळणारी उदबत्ती.

*

मी कुवेतला आलो तो सळया बांधायला. जलीबला एका खोलीत आम्ही दहा जण राहायचो. माझी जागा वरच्या बंकावर होती. उठताना डोकं छताला लागायचं. तिथून आज माझं स्वतःचं काम आहे. लोकांच्या व्हिलांचे पाये आणि सांगाडा मी उभा करतो. शुवैखमध्ये फळ्या आणि सळया ठेवायला गोडाऊन आहे, दोन पिकअप आहेत. हे मला कुणी दिलेलं नाही. घासाघीस करून मिळवलंय. शुवैखच्या बाजारात माझी एक पद्धत आहे. पहिला भाव ऐकून मी हसतो, दुसरा ऐकून पाठ फिरवतो, तिसऱ्याला गाडीत जाऊन बसतो. चौथा भाव दुकानदार खिडकीपाशी येऊन सांगतो. मला येताना बघून तिथले दोन दुकानदार अजूनही शटर ओढल्याचं नाटक करतात.

ही सवय गावाला गेलो तरी सुटत नाही, आणि ती सुटू नये असंच गावचे लोक वागतात. गल्फवाला आला म्हटलं की रिक्षाचं भाडं वाढतं, भटजीची दक्षिणा वाढते, नारळसुद्धा मोठे होतात. पहिल्या सुट्टीत मी ते भोळेपणाने दिलं. दुसऱ्या सुट्टीत मला कळलं की शेजारच्या माणसाने तीच लादी निम्म्या भावात नेली होती. तेव्हापासून मनात एक गाठ बसली. गावात जो कोणी मला आकडा सांगतो, तो आकडा मला नाही, कुवेतला सांगतो.

घर बांधायला घेतलं तेव्हाही ही गाठ होतीच. जागा डोंगराच्या उतारावर. आमच्याकडे उतारावर घर बांधायचं म्हणजे जेसीबी लावून मागचा डोंगर कापायचा आणि ती माती पुढे ओढून अंगण सपाट करायचं. आमचंही तसंच केलं. मी इथे, धाकटा तिथे. तो रोज फोटो पाठवायचा, आवाजी मेसेज पाठवायचा, मी इथून हुकूम सोडायचो. घर उभं राहिलं. पुढे गोल खांब, ग्रॅनाइटच्या पायऱ्या, आणि इथल्या व्हिलांना असतं तसं सोनेरी टोकांचं गेट. तालुक्याहून लोक बघायला आले. पुढची खोली आईला दिली, कारण तिला गेटमधून कोण येतं-जातं ते दिसावं. भाऊ मात्र खालच्या अंगाला, त्याच्या जुन्या घरातच राहिला.

दोन वर्षांपूर्वी पडवीच्या लाद्या फुटल्या. मी फोनवर भावाला एकच प्रश्न विचारला, "सिमेंट कुठे विकलंस?"

त्याने फोन ठेवला. त्यानंतर तो माझ्याशी बोलला नाही आणि मी त्याच्याशी. माझ्या मनात हिशेब पक्का होता: मी उन्हात जळलो आणि त्याने सावलीत बसून माझी पोती विकली. ही गोष्ट मी बायकोला इतक्या वेळा सांगितली, की मी "सिमेंट" म्हटलं की ती पुढचं वाक्य स्वतःच म्हणायची.

आता तर तडाच दिसला होता. मी ठरवलं, येत्या सुट्टीत मामाला आणि भावकीतल्या चार माणसांना बसवायचं आणि याचा निकाल लावायचा.

*

त्याच आठवड्यात साइटवर एक गोष्ट घडली.

शहराबाहेरच्या नव्या वसाहतीत एका म्हाताऱ्या कुवेती माणसाचं काम मी घेतलंय. मुलासाठी घर बांधतोय. रोज सकाळी येतो, प्लास्टिकच्या खुर्चीवर बसतो, छोट्या काचेच्या ग्लासात चहा पितो आणि खड्ड्यात बघत राहतो. आयुष्यभर हिंदी लोकांशी धंदा केलेला, त्यामुळे हिंदी बरी बोलतो. घराच्या पायाला अरबीत असास म्हणतात. त्याच्या तोंडात दुसरा शब्द नाही. असास, असास. मी त्याला बाबा म्हणतो.

इथे वाळू उपसत खाली गेलं की एक कडक थर लागतो. सगळे त्याला गच म्हणतात. गच लागला की थांबायचं. तीन कोपऱ्यांत गच लागला होता. चौथ्या कोपऱ्यात जमीन कडक वाटत होती, पण रंग थोडा वेगळा होता. मला तो दिसला होता, खोटं कशाला सांगू. पण सळया आल्या होत्या, काँक्रीटची गाडी दुसऱ्या दिवशीची ठरली होती.

म्हातारा खुर्चीतून म्हणाला, "ये कोना और नीचे करो."

"बाबा, ये पत्थर है. देखो." मी बूट आपटून दाखवला.

"बूट का आवाज मैं भी सुना."

"बाबा, तीस साल से ये काम करता हूँ."

"मैं सत्तर साल से जमीन पे चलता हूँ."

माझी माणसं हसली. मला राग आला. मी जरा वरच्या पट्टीत सुरू केलं की कामाचा ठरलेला भाव ठरलेल्या खोलीचा आहे, जास्त खणायचं तर जास्त लागेल, आणि माझा वेळ फुकट नाही. तो ऐकत राहिला. मग त्याने ड्रायव्हरला हाक मारली आणि त्या कोपऱ्यात बादलीभर पाणी ओतायला लावलं. पाणी तिथे थांबलंच नाही, कुणी खालून ओढून घ्यावं तसं गेलं. आणखी एक बादली. तीही गेली. मग म्हातारा स्वतः उठला, अंगातला पायघोळ दिशदाशा वर धरून खड्ड्यात उतरला, माझ्याच ढिगातली एक सळई घेतली आणि त्या ओल्या जागी उभी धरून दाबली.

सळई खाली गेली. हातोडा नाही, काही नाही. म्हाताऱ्याच्या हाताच्या जोराने ती जात राहिली, जात राहिली, आणि त्याची मूठ जमिनीला टेकली तेव्हा थांबली.

कुणी हसलं नाही. मी त्या मुठीकडे बघत राहिलो. मीटरभर सळई जमिनीने गिळली होती, आणि त्याच जमिनीवर मी दुसऱ्या दिवशी एका दुमजली घराचा कोपरा उभा करणार होतो.

आम्ही खणलं. खाली टायरचे तुकडे, फुटके पाइप, गोण्या, कुणीतरी पूर्वी गाडून वर माती ओढलेला कचरा निघाला. सगळा उपसला, थराथराने चांगली माती भरली, पाणी मारून रोलर फिरवला. त्यात तीन दिवस गेले आणि मी तिन्ही दिवस धुसफुसत होतो.

तिसऱ्या दिवशी म्हाताऱ्याने मला चहा दिला आणि विचारलं, "तेरा घर है, मुल्क में?"

"है ना बाबा. बडा है."

"असास कौन देखा?"

"भाई."

"भाई अच्छा है?"

मी चहात बघितलं. डोळ्यांसमोर आला तो आमच्या घराचा पुढचा भाग. जेसीबीने ओढलेली माती. मागचं घर डोंगराच्या कातळावर आणि पुढचं त्या भरावावर. सगळं घर कातळावर असतं तर प्रश्न नव्हता. सगळं भरावावर असतं तर निदान सगळं मिळून सारखं बसलं असतं. पण अर्धं घर हलणार नाही आणि अर्धं दर पावसाळ्याला थोडं थोडं खाली जाणार, तर ते मधे फाटणारच. तिथे एकच उपाय असतो: पुढचा पाया भराव ओलांडून कातळापर्यंत न्यायचा. तो न्यायला नको होता का त्याने? भावाला सांगायला लागतं का हे? गवंडी काय झोपला होता?

माझा राग आणखी वाढला. आता मला त्याची चोरी सिमेंटमध्ये नाही, घराच्या पायात सापडली होती.

*

पुढच्या शुक्रवारी मी कपाटातून जुना फोन काढला. घर बांधताना मी तो वापरायचो. भावाचे सगळे मेसेज त्यात होते आणि मला पुरावा हवा होता. तो म्हणाला असणार, "दादा, पाया पक्का केलाय." ते वाक्य मला मामासमोर वाजवायचं होतं. फोन चार्जिंगला लावला तरी बराच वेळ मेल्यासारखा पडून होता, मग उठला. बायको ओट्यापाशी पापलेट साफ करत होती.

मी मेसेजांत मागे मागे गेलो. फोटो, फोटो, भूमिपूजनाचा नारळ, जेसीबी. मग भावाचा एक आवाजी मेसेज. लावला.

"दादा, गवंडी म्हणतोय पुढच्या अंगाला सगळा भराव हाय. कातळ लागेपर्यंत चर न्यायला हवा. छातीएवढा जाईल कदाचित. नाय तर पुढचं घर बसेल म्हणतोय. मलाही तसंच वाटतंय. काय करू सांग."

मी थांबलो. हे वाक्य माझ्या आठवणीत कुठेच नव्हतं. त्याच्या खाली माझा मेसेज होता. बोट त्यावर ठेवताना मला खरंच ठाऊक नव्हतं की आत काय आहे.

मागे शुवैखच्या ग्राइंडरचा आवाज होता. आणि त्यावर चढवलेला एक आवाज.

"ए बैला, त्या गवंड्याला म्हणावं मला पाया शिकवू नकोस. इथे मी शेखांच्या बंगल्यांचे पाये घालतो. अख्खं गाव कातळावर आणि याला म्हणे छातीएवढा चर हवा! विहीर खणतोय का? गुडघ्याएवढा चर, बास. जमिनीखाली पुरलेलं कोण बघायला येतंय? वाचेल त्यात पुढचे खांब आणि ग्रॅनाइट होऊ दे. गल्फवाला दिसला की यांचे फूट वाढतात. आणि काय रे, गवंड्याच्या त्या जास्तीच्या फुटांत तुझे किती इंच आहेत?"

शेवटी मागे कुणीतरी हसलं होतं. दुकानातलं कोणीतरी. आणि त्या हसण्यात माझंही हसणं होतं.

त्याखाली भावाचा मेसेज, चार सेकंदांचा. त्यात आधी कुणाच्या तरी फावड्याचा आवाज येतो. मग कावळा ओरडतो. मग तो म्हणतो, "बरं दादा."

बायकोने नळ बंद केला.

"परत लावा," ती म्हणाली.

"कशाला?"

"परत लावा म्हणते ना."

मी लावला नाही. तिने ओले हात पदराला पुसले, येऊन स्वतः लावला. पुन्हा ग्राइंडर, पुन्हा "ए बैला". मला वाटत होतं कुणी दुसराच माणूस माझ्या आवाजात बोलतोय. मी हे बोललो हे मला आठवत नव्हतं. दिवसातून असे पन्नास मेसेज मी ठोकायचो. त्यातल्या एकाने माझ्या घराचा पाया ठरवला, आणि मी तो पाठवून सळयांच्या भावाकडे वळलो असणार.

"अहो, दोन वर्षं तुम्ही सांगताय भावाने सिमेंट खाल्लं," ती म्हणाली.

"त्याने परत सांगायला हवं होतं. एकदा सांगून गप्प बसायचं असतं का? आयुष्यभराचं घर आहे!"

"किती वेळा सांगायचं त्याने? भाजीवाल्याला तुम्ही दुसरं वाक्य बोलू देत नाही. आणि तुम्ही विचारलंत काय? तुझे किती इंच. त्यानंतर तो छातीएवढं खणा म्हणाला असता तर तुम्ही काय म्हणाला असतात?"

मी काय म्हणालो असतो ते मला लख्ख माहीत होतं. माझ्यासारख्या गल्फवाल्याला एवढंच समजतं की खालचा माणूस जे जास्त मागतो, ते तो स्वतःच्या खिशासाठी मागतो. घरासाठीही कुणी जास्त मागू शकतं हे डोक्यात येत नाही. परक्याच्या घराला मी थराथराने रोलर फिरवत होतो. माझ्या घराला मी फोनवरून गुडघाभर खड्डा दिला होता आणि वर माझ्याच भावाला चोर ठरवलं होतं.

*

भावाला फोन लावायला मला तासभर लागला. आधी दाढी केली. मग खाली जाऊन गाडी उगाच पुसली. मग लावला. मला वाटलं उचलणार नाही. दुसऱ्या रिंगला उचलला.

"बोला," तो म्हणाला.

पूर्वी "बोल दादा" म्हणायचा. त्या "बोला"ने माझी तयार केलेली वाक्यं गेली.

"तो तडा," मी म्हणालो. "मी बघितला."

"आईने दाखवला होय. मला म्हणाली होती नाय दाखवत."

"जुना फोन उघडला मी. मेसेज ऐकले. माझा पण."

तो म्हणाला, "बरं."

"दोन वर्षं तुझ्याकडे पण तो मेसेज होता. मी तुला चोर म्हणालो तेव्हा माझ्या तोंडावर का नाही मारलास? मामाला का नाही ऐकवलास?"

"मामाला ऐकवला असता तर दुसऱ्या दिवशी आईपर्यंत गेला असता. सगळ्या वाडीत सांगते, माझा मोठा शेखांच्या घरांचे पाये घालतो. तिला काय सांगू, तुझ्या भिंतीला तडा तुझ्या मोठ्यानं पाडलाय?"

मला धक्का बसला आणि त्याबरोबर रागही आला. मला झाकायला याला कुणी सांगितलं होतं? मी म्हणालोही तसं. तो म्हणाला, "ओरडू नका. मला कामं आहेत."

मग त्याने कोरड्या आवाजात सगळं सांगितलं. स्लॅबखाली टेकू लावून झालेत. त्याच जुन्या गवंड्याला आणून दाखवलंय. भिंत वाचेल. खालून थोडं थोडं खणत, एका वेळी हात-दोन हात, कातळापर्यंत जायचं आणि दगड भरत यायचं. पावसाच्या आत व्हायला हवं. गवंडी तयार आहे.

"मग अडलंय कुठे? खर्चाचं मी बघतो."

"खर्चाचं नाय अडलेलं. आई खोलीतून हलत नाय. त्या भिंतीला कुदळ लावायची आणि आत म्हातारी झोपलेली, असं गवंडी करणार नाय. परवा तिची खाट उचलून मी मागं नेली. दुपारी बघतो तर परत पुढं. शेजारच्या दोघांना शेवेचे लाडू देऊन आणवलीन. हट्टी कुणाची आई हाय!"

"मी सांगतो तिला, धोका आहे म्हणून."

"ते मी सहा महिने सांगतोय. ती म्हणते, मोठ्याचा पाया हाय, काय व्हायचं नाय." मग म्हणाला, "तुमच्या पायावर तिचा एवढा भरवसा हाय की ती त्याच्याखाली मरायला तयार हाय."

घासाघीस करायला समोर काही तरी ठेवावं लागतं. माझ्याकडे ठेवायला काहीच नव्हतं.

*

मी आईला लगेच फोन लावला. उशीर केला असता तर मी त्यातूनही काही तरी पळवाट काढली असती. मी स्वतःला ओळखतो. बायको शेजारी येऊन बसली. पडद्यावर छत आलं, मग अर्धी आई.

"आये, नीट ऐक. पुढच्या खोलीचा पाया कच्चा आहे."

"धाकट्यानं सांगितलं वाटतं तुला. भित्रा हाय तो पहिल्यापासून."

"तो भित्रा नाही. पाया मी कमी केला."

"म्हणजे?"

"गवंडी म्हणत होता कातळापर्यंत खणा. धाकटा पण म्हणत होता. मी इथून सांगितलं, गुडघ्याएवढा बास. ते पैसे मी खांबांना आणि गेटला लावले."

तिने फोन खिडकीतून उचलला. तेव्हा पहिल्यांदा तिचा पूर्ण चेहरा मला दिसला. तिला राग आला असता तर बरं झालं असतं. ती नुसती बघत होती, कुणीतरी अनोळखी माणूस दारात येऊन उभा राहिल्यासारखी.

"तुला कळत नव्हतं व्हय रे?" तिने विचारलं. "तुझं तर कामच तेच."

"कळत होतं. मला वाटलं, गवंडी मला लुबाडतोय."

"आणि धाकटा?"

"तोही."

"त्याला चोर म्हणालास तू. दोन वर्सं तो या घरात चहा पीत नाय. भाकरी आणून देतो, कागद लावतो आणि न बसता जातो. मी म्हणायचे, दुष्मनासारखा वागतोय." तिने फोन दुसऱ्या हातात घेतला. "मी त्यालाच बोलायचे रे."

माझ्या शेजारी बायकोने माझा हात धरला, मला वाटतं मी उठून जाऊ नये म्हणून.

आई फोन हातात घेऊनच देवापाशी गेली. पडदा हलला, भिंत आली, तडा आला, त्यातली अर्धी जळलेली उदबत्ती आली. तिने ती उपटली. राख भिंतीवरून घसरत खाली गेली. तिने तांदळाची वाटी पुढे ओढली आणि उदबत्ती त्यात उभी केली.

"आता फोन ठेव," ती म्हणाली. "खाट उचलायला धाकट्याला हाक मारते. लाडू पण संपलेत माझे."

आठवड्याभराने भावाने एक फोटो पाठवला. पुढच्या भिंतीखाली खणलेला एक अरुंद खड्डा, त्यात छातीपर्यंत बुडालेला म्हातारा गवंडी, आणि त्याच्या पहारीच्या टोकाखाली काळा ओला कातळ. फोटोखाली एकच शब्द लिहिला होता, "लागला." मी दिवसभरात तो फोटो पुन्हा पुन्हा उघडला. साइटवरच्या म्हाताऱ्यालाही दाखवला. त्याने चष्मा लावून बघितला, मान हलवली आणि चौथ्या कोपऱ्याकडे हात केला.

मला अजूनही वाटतं की भावाने तेव्हा माझ्याशी भांडायला हवं होतं. हे मी त्याला एक दिवस सांगणारही आहे. पण आधी त्याने मला पुन्हा "बोल दादा" म्हटलं पाहिजे. काल फोन केला तेव्हाही तो "बोला" म्हणाला.